आपल्या वाचनाची यादी कोण ठरवतं?



गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आवाज रडवेला होता. "मामू, शिष्यवृत्तीची तारीख काल संपली. मला आज कळलं." कॉलेजच्या वेबसाइटवर ती सूचना अठरा दिवस होती. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला, तो तारीख उलटून गेल्यावर. वर्षाचे काही हजार रुपये गेले. तिच्यासारख्या घरात काही हजार रुपये म्हणजे काय, हे इथल्या बऱ्याच वाचकांना सांगायची गरज नाही.

मी तिला विचारलं, "तुझ्या हातात फोन नव्हता का गं?" आणि विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. फोन तर सतत हातात होता. त्या अठरा दिवसांत त्या फोनवर काय काय आलं, हे आम्ही नंतर बसून आठवलं. एका क्रिकेटपटूच्या लग्नाच्या रील. हिजाबवरून टीव्हीवर झालेल्या आरडाओरड्याचे तुकडे. टोपी घातलेल्या एका माणसाला मारहाण होतानाचा व्हिडिओ. तो त्या आठवड्याचा म्हणून फिरत होता, पण तीन वर्षांपूर्वीचा निघाला. परीक्षेच्या आदल्या रात्री तो पाहून ती नीट झोपलीसुद्धा नव्हती.

म्हणजे तिच्या उपयोगाचं होतं ते तिच्यापर्यंत आलं नाही, आणि तिची झोप उडवणारं मात्र न मागता आलं. यात चूक तिची एकटीची नाही. तिच्यापर्यंत काय पोचावं, हे ती ठरवतच नव्हती.

मग कोण ठरवत होतं? याचं उत्तर मला थोडंफार माहीत आहे, कारण ते काम मी केलेलं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी बातम्या दाखवणाऱ्या एका ॲपवर काम करत होतो. बातम्यांचा क्रम लावणं हे आमच्या टीमचं काम. कोणती बातमी वर, कोणती खाली, कोणाला कोणती. यासाठी आमच्याकडे मोजमापं होती. वाचकाने बातमी उघडली का, तिच्यावर किती सेकंद थांबला, पुढे पाठवली का, ॲपमध्ये परत कधी आला. बातमी खरी आहे का, वाचणाऱ्याच्या कामाची आहे का, हे विचारणारी एकही ओळ त्या कोडमध्ये नव्हती. ते मोजता येत नव्हतं, आणि जे मोजता येत नाही ते सोमवारच्या बैठकीतल्या तक्त्यावर येत नाही.

आमच्यात कुणी वाईट माणूस नव्हता. द्वेष पसरवा असं कुणी कधी म्हटलं नाही. पण राग आला की माणसाचा अंगठा थांबतो, भीती वाटली की तो पुढे पाठवतो. संगणकाला राग आणि भीती कळत नाहीत, अंगठा थांबलेला कळतो. मग तो तसंच आणखी दाखवतो. तक्त्यावरची रेघ वर गेली की आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या वर्षी मला पगारवाढही मिळाली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण हा विषय मांडायचा तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

आता थोडं मागे जाऊ. माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचनाचा नाद मोठा. एका मराठी साप्ताहिकाची वर्गणी ते दरवर्षी न चुकता भरायचे. पोस्टमन अंक आणून द्यायचा, त्याच्या कागदी पट्टीवर अब्बांचं नाव आणि पत्ता असायचा. पट्टी फाडून ते अंक उलगडायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि अंक संपला की संपला. पुढच्या आठवड्यापर्यंत त्यांचं डोकं मोकळं. कोणतं साप्ताहिक घ्यायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं. पटेनासं झालं असतं तर पुढच्या वर्षी वर्गणी भरली नसती. एवढा साधा व्यवहार.

मराठी पत्रकारिता या व्यवहारावर उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली 'दर्पण' काढलं तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, आपल्या या मासिकासारखंच, आणि तेही वर्गणीदारांच्या भरवशावर. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात एक पोस्टमन असायचा, आणि तो पोस्टमन पत्र उघडून "हे तुम्हाला आवडणार नाही, त्याऐवजी हे घ्या" असं म्हणत नव्हता.

इंटरनेटवर अशी वर्गणी भरायची सोय आहे. गेली पंचवीस वर्षं आहे, फुकट आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना ती माहीत नाही. तिचं नाव आरएसएस.

हो, नाव ऐकून भुवया वर गेल्या असतील. मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर मी एकदा सहज बोलून गेलो की मी दहा वर्षांपासून आरएसएसचा वर्गणीदार आहे, तेव्हा दोन मिनिटं कुणी काही बोललंच नाही. तर सांगून टाकतो, याचा नागपूरशी काही संबंध नाही. या आरएसएसचं पूर्ण रूप 'रिअली सिंपल सिंडिकेशन', म्हणजे अगदी सोप्या पद्धतीने केलेलं वितरण. ज्यांना नाव नको त्यांनी नुसतं 'फीड' म्हणावं, काम तेच होतं.

ते चालतं कसं? एखादी वेबसाइट आपल्या पानांबरोबर एक छोटी मजकुराची फाइल ठेवते. त्या फाइलमध्ये अलीकडच्या नव्या लेखांची यादी असते. प्रत्येक लेखाचं शीर्षक, दुवा, तारीख आणि सारांश, कधी पूर्ण लेख. साइटवर नवीन काही आलं की ही यादी आपोआप बदलते. तुमच्या फोनवर एक वाचक ॲप असतं, त्याला फीड रीडर म्हणतात. तुम्ही त्याला सांगता, या या साइटच्या याद्या बघत जा. ते दर अर्ध्या-एक तासाने त्या फाइलकडे जाऊन विचारतं, काही नवीन आहे का? नसेल तर साइटचा सर्व्हर 'बदल नाही' एवढाच निरोप देऊ शकतो, पुन्हा सगळी फाइल उतरवावी लागत नाही. असेल तर नवा लेख तुमच्यासमोर येतो. बस्स.

या साध्या रचनेत तीन गोष्टी दडलेल्या आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली, साधारणपणे लेख तारखेच्या क्रमाने येतात, भडकपणाच्या क्रमाने नाही. दुसरी, वर्गणीदार व्हायला तुम्हाला ना फोन नंबर द्यावा लागतो, ना ईमेल. साइटच्या मालकाला तुमचं नाव कळत नाही. तिसरी, वर्गणी बंद करणं तुमच्या हातात असतं. यादीतून ओळ पुसली की संपलं. कुणाची मनधरणी नाही, 'तुम्ही खरंच जाताय का?' असं विचारणारी खिडकी नाही.

याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. मार्च 1999 मध्ये नेटस्केप या कंपनीने आरएसएसची पहिली आवृत्ती काढली. ती करणाऱ्यांत रामनाथन गुहा हे एक. मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेला आपल्याकडचा माणूस. त्यांच्याबरोबर डॅन लिबी. पुढे नेटस्केपने लक्ष काढून घेतलं, पण पद्धत लोकांनी उचलली. डिसेंबर 2000 मध्ये एक आवृत्ती आली, ती करणाऱ्या गटात एरन स्वॉर्ट्झ नावाचा मुलगा होता. वय वर्षं चौदा. दुसरीकडे डेव्ह वायनर हे प्रोग्रामर आपल्या पद्धतीने काम करत होते. 2002 साली त्यांनी आरएसएस 2.0 काढलं आणि दुसऱ्या वर्षी ते हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपवून दिलं, कुणालाही मुक्तपणे वापरता यावं म्हणून. दोन गटांत भांडणंही भरपूर झाली. त्यातूनच 'ॲटम' नावाचं भावंड जन्माला आलं, 2005 साली त्याला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. आज बहुतेक सगळे फीड रीडर दोन्ही वाचतात, त्यामुळे त्या भांडणाशी आपल्याला कर्तव्य नाही.

2005 मध्येच गुगलने 'गुगल रीडर' काढलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलवर आम्ही चौघंजण ते वापरायचो. चांगलं होतं, फुकट होतं, म्हणून इतर बरेच रीडर त्याच्यापुढे टिकले नाहीत. आणि 1 जुलै 2013 ला गुगलने ते बंद केलं. वापरणारे कमी झाले, असं कारण दिलं. विरोधाच्या अर्जावर काही दिवसांत लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, काही उपयोग झाला नाही. 2018 च्या डिसेंबरमध्ये फायरफॉक्स ब्राउझरनेही आपल्यातली फीडची सोय काढून टाकली. तोपर्यंत सगळे समाजमाध्यमांकडे वळले होते. 'आरएसएस मेलं' असं त्या काळात पुष्कळांनी लिहिलं.

ते मेलं नाही, कारण ते एका कंपनीचं नव्हतंच. गुगलने आपलं वाचक ॲप बंद केलं, साइटवरच्या फाइली तिथेच राहिल्या. पोस्टमन नोकरी सोडून गेला म्हणून साप्ताहिक बंद पडत नाही. आज जगभर जे पॉडकास्ट ऐकले जातात, त्यांचं वितरण मुख्यतः आरएसएसवर चालतं. फीडमध्ये आवाजाची फाइल जोडायची सोय 2000 सालीच झाली होती. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर नकळत तुम्ही वर्गणीदार आहातच.

आता कामाचं. हे वापरायचं कसं?

एक, फोनवर फीड रीडर घ्या. अँड्रॉइडवर 'फीडर' आहे, ॲपलच्या फोनवर 'नेटन्यूजवायर' आहे. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड खुला, खातं उघडायची सक्ती नाही. फोन आणि संगणक दोन्हीकडे एकच यादी हवी असेल तर 'फीडली' किंवा 'इनोरीडर' आहेत, पण तिथे खातं उघडावं लागतं आणि तुमची यादी त्या कंपनीकडे राहते, हे लक्षात ठेवा. संगणकावर 'थंडरबर्ड' हे ईमेलचं सॉफ्टवेअरही फीड वाचतं.

दोन, साइटचा पत्ता रीडरमध्ये चिकटवा. बहुतेक वेळा रीडर स्वतःच फीड शोधून काढतो. नाही सापडलं तर पानाच्या तळाशी नारिंगी रंगाचं चिन्ह शोधा, कोपऱ्यात एक ठिपका आणि त्याच्यावर दोन कमानी. तेही नसेल तर साइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून पाहा. वर्डप्रेसवर बांधलेल्या साइटना फीड आपोआप मिळतं, आणि आपल्याकडची पुष्कळ मासिकं, संस्था, कॉलेजं यांच्या साइट वर्डप्रेसवरच आहेत. गंमत अशी की आपल्या साइटला फीड आहे हे अनेकदा साइट चालवणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

तीन, यूट्यूबचंही फीड असतं. एखाद्या शिक्षकाचं चॅनल तुम्ही अभ्यासासाठी बघता. यूट्यूब उघडलं की शेजारी दहा भलत्याच गोष्टी असतात आणि अर्धा तास कुठे गेला कळत नाही. चॅनलचं फीड घेतलं तर रीडरमध्ये फक्त त्या शिक्षकाचे नवे व्हिडिओ येतात. अनेक रीडरमध्ये चॅनलचा पत्ता चिकटवला की भागतं.

चार, यादी साठवून ठेवा. सगळ्या चांगल्या रीडरमध्ये तुमची यादी 'ओपीएमएल' नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढायची सोय असते. ती फाइल दुसऱ्या रीडरमध्ये घातली की सगळ्या वर्गण्या तशाच. मित्राला पाठवली तर त्यालाही मिळतात. गुगल रीडर बंद पडलं तेव्हा आमची वाचनाची यादी याच सोयीमुळे वाचली.

यादीत काय घ्यावं हे सांगायचा मला अधिकार नाही, नाहीतर मीही पुन्हा क्रम लावणाराच ठरेन. पण माझी यादी कशी आहे ते सांगतो. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं फीड आहे, त्यामुळे निर्णय मूळ शब्दांत वाचता येतो आणि मग त्याच्यावरची चर्चा ऐकली तर कोण काय गाळतंय ते कळतं. रिझर्व्ह बँकेचं आहे. बीबीसी मराठीचं आहे. विज्ञानाची दोन, माझ्या धंद्यातली चार. कविता लिहिणाऱ्या एका मैत्रिणीचं आहे, ती वर्षातून चार-पाच वेळा लिहिते. आणि दोन फीड अशा लेखकांची आहेत, ज्यांची मतं मला मुळीच पटत नाहीत.

त्या शेवटच्या दोनांबद्दल थोडं बोलतो. आपण ठरवलेली यादी म्हणजे आपल्याच मताची विहीर होऊ शकते, हा आक्षेप बरोबर आहे. विरोधी मत आपल्याला समाजमाध्यमांवरही दिसतं, पण कसं दिसतं? त्यातलं सर्वांत घाणेरडं वाक्य कापून, लाल अक्षरांत, आपल्याला चिडवण्यासाठी. त्या माणसाचा पूर्ण लेख शांतपणे वाचला तर कधी आपला मुद्दा अधिक पक्का होतो, कधी कुठे तरी आपलंच चुकत होतं हे कळतं. दोन्ही अनुभव मला आलेत. म्हणून यादी करताना न पटणारे दोन जण मुद्दाम घ्या, असं मात्र आग्रहाने सांगेन.

आता कुणी म्हणेल, देशात एवढं काही चाललेलं असताना हा काय विषय काढलाय? मला वाटतं, चाललंय म्हणूनच काढला. आपल्यातल्या तरुण मुलामुलींच्या फोनवर दिवसभर काय वाहतंय ते पाहा. कुठे कुणाला मारलं, कोण काय बरळलं, कोणत्या दुकानावर बहिष्कार घाला म्हणतायत. यातलं काही खरं असतं, काही जुनं, काही कुठल्या दुसऱ्याच देशातलं. हे सतत बघून माणूस एकतर घाबरून आत ओढला जातो, नाहीतर चिडून तसाच एक व्हिडिओ पुढे पाठवतो. दोन्हींतून काही घडत नाही. उलट वॉर्डसभा कधी आहे, मतदार यादीतलं नाव तपासायची मुदत कधी संपते, प्रवेशाचा नवा नियम काय, कोर्टाने निकालात नेमकं काय म्हटलं, ज्यांच्यावर काही करता येतं अशा या गोष्टी आपल्यापर्यंत उशिरा येतात किंवा येतच नाहीत. नागरिक म्हणून उभं राहायचं तर आधी वेळेवर कळायला हवं. जो समाज फक्त ढकललेलंच वाचतो, त्याला कोणीही ढकलू शकतं.

अन्यायाच्या बातम्यांकडे पाठ फिरवा, असं मी म्हणत नाही. त्या वाचल्याच पाहिजेत. पण तारीख असलेल्या, लिहिणाऱ्याचं नाव असलेल्या, चूक झाली तर दुरुस्ती छापणाऱ्या ठिकाणी वाचाव्यात. फीडमधल्या लेखाला त्याचा मूळ दुवा असतो. फॉरवर्डला बहुतेकदा आई-बाप नसतात.

दुसरा मुद्दा लिहिणाऱ्यांचा. आपल्यात आज कितीतरी जण चांगलं लिहितायत. मराठीत, दखनीत, कोकणी बोलीत. कुणी मोहल्ल्याचा इतिहास लिहितंय, कुणी आजीच्या हातच्या पाककृती, कुणी कायद्यातल्या तरतुदी सोप्या करून सांगतंय. पण सगळं कुठल्या तरी कंपनीच्या अंगणात. माझ्या ओळखीच्या एका अभ्यासमंडळाने सहा वर्षं एका समाजमाध्यमावर पान चालवलं. एका सकाळी पान गायब. कुणीतरी ठरवून तक्रारी केल्या असाव्यात. सात-आठ महिने पत्रव्यवहार केला, यंत्राने पाठवलेली ठरावीक उत्तरं आली. सहा वर्षांचं लेखन गेलं, आणि नऊ हजार वाचक गेले. त्या वाचकांना 'आम्ही आता इथे लिहितो' एवढं सांगायलाही मार्ग उरला नाही. स्वतःची साधी साइट आणि तिचं फीड असतं, तर घर बदललं तरी वाचकांपर्यंत निरोप पोचवता आला असता.

म्हणून संस्था, मंडळं, वाचनालयं, मदरशांच्या आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्या चालवणाऱ्यांना एक विनंती. समाजमाध्यमं सोडू नका, लोक तिथे आहेत. पण मूळ मजकूर आपल्या साइटवर ठेवा, फीड चालू आहे ना ते तपासा आणि त्याचा दुवा पहिल्या पानावर दिसेल असा द्या. सूचना फोटोत नको, मजकुरात लिहा. फोटोतली सूचना शोधात सापडत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या फोनला ती नीट वाचून दाखवता येईलच असं नाही. साइट सांभाळणाऱ्याचं हे एका दुपारचं काम आहे. अडलं तर मला कळवा, आमच्यातले दोघंतिघं सुटीच्या दिवशी हे करून द्यायला तयार आहेत.

अडचणीही सांगायला हव्यात. सगळ्या साइटना फीड नसतं, आणि सरकारी साइटच्या बाबतीत तर बऱ्याचदा निराशाच पदरी पडते. काही वृत्तपत्रं फीडमध्ये दोन ओळीच देतात आणि बाकीचं वाचायला साइटवर बोलावतात. तेही समजण्यासारखं आहे, त्यांना पगार द्यायचे असतात. फीड बातमीचा खरेखोटेपणा तपासत नाही, खोटारड्याच्या साइटलाही फीड असतं. आणि सुरुवातीला उत्साहाच्या भरात शंभर साइट घेतल्या की आठवड्यात हजार न वाचलेले लेख साठतात आणि माणूस वैतागून सोडून देतो. माझंही दोनदा असं झालं. म्हणून दहापासून सुरू करा. महिनाभर ज्या फीडमधलं काही उघडलं नाही, ते काढून टाका.

एक फायदा मात्र पहिल्याच प्रवासात कळेल. अनेक रीडर लेख आधीच उतरवून ठेवतात. पुण्याहून कोल्हापूरकडे एसटीने जाताना खंबाटकी घाटात रेंज गेली, तरी वाचन चालू राहतं. मजकूर असल्यामुळे डेटाही फारसा लागत नाही. घरातल्या तिघांनी मिळून एक रिचार्ज वापरायचा असेल तर ही लहान गोष्ट नाही.

भाचीकडे परत येतो. त्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. तिच्या कॉलेजची साइट उघडली, पत्त्यापुढे तो एक शब्द लिहिला. फीड होतं. साइट बांधली तेव्हापासून असणार. शिष्यवृत्तीची ती सूचना त्या यादीत तारखेसह तिसऱ्या क्रमांकावर होती. ते पाहून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग तिच्या फोनवर रीडर घेतला. कॉलेज, विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या दोन संस्था, अभ्यासाची तीन चॅनल, आणि तिच्या आवडीचं एक रांगोळीचं. एकूण सात.

आठवड्याने मी विचारलं, "काय, बघतेस का ते?" म्हणाली, "बघते की. पण मामू, आज त्यात काहीच नवीन नाही. बंद करून अभ्यासाला बसले."

काही नवीन नाही, आता उठ, हे वाक्य आम्ही बांधलेल्या त्या ॲपने कुणालाही कधी म्हटलं नव्हतं. म्हणू नये म्हणूनच आम्हाला पगार मिळत होता.

तुम्हीही या आठवड्यात एक तास काढा. दहा नावं लिहा. तुमच्या कामाची, तुमच्या गावाची, तुमच्या आवडीची, आणि न पटणारी दोन. त्यांची फीड शोधा, सापडलेली यादी घरातल्या एकाला तरी लावून द्या. बहिणीला, भावाला, कॉलेजला जाणाऱ्या शेजारच्या मुलीला. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या सूचना पुन्हा निघतील. या वेळी त्या आपल्या पोरांपर्यंत वेळेत पोचल्या पाहिजेत.